खाली वाहिलेले वर कोण आणते?

आंबोली, महाबळेश्वर, ताम्हिणी या पट्ट्यात वर्षाला पाच ते सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्यावरची माती मुळातच गरीब, त्यात दर पावसाळ्यात चार महिने तिची धुलाई. नत्र पाण्यात विरघळून जाते, पालाश जाते, चुना जातो. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून गाळाबरोबर नदीला आणि नदीतून समुद्राला मिळते. लाखो वर्षे हे चालू आहे, आणि तरीही महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभूळ, अंजनी, पिसा यांचे गर्द रान उभे आहे. पाण्याच्या ओढीचा विचार केला तर हे डोंगर केव्हाच उजाड व्हायला हवे होते.

ते का झाले नाहीत, या प्रश्नाभोवती परिसंस्थाशास्त्रातले गेल्या साठ वर्षांतले काही फार सुंदर संशोधन झाले आहे. त्याचे दोन भाग पडतात. हाताशी असलेले अन्नद्रव्य निसटू न देणारे कोण, हा पहिला. निसटून खाली गेलेले पुन्हा वर आणणारे कोण, हा दुसरा. शाळेच्या पुस्तकात नत्रचक्राची आकृती असते. ढग, झाड, गाय, माती, मधे बाण आणि कोपऱ्यात ‘विघटक’ असा एक चौकोन. त्या आकृतीत द्रव्ये दिसतात, पण ती हलवणारे जीव आणि त्यांचे आपसातले संबंध दिसत नाहीत. या लेखात त्या संबंधांकडे पाहायचे आहे, कारण ते तुटले की द्रव्य तेच राहूनही चक्र अडते.

धरून ठेवण्याची गोष्ट पहिल्यांदा नीट मोजली गेली ती अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रूक या प्रायोगिक जंगलात. हर्बर्ट बोर्मन, जीन लायकन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३मध्ये तिथे काम सुरू केले. त्या डोंगरात लहान लहान ओढ्यांचे स्वतंत्र पाणलोट आहेत आणि खाली पाणी न झिरपू देणारा कठीण खडक आहे. त्यामुळे पावसातून काय आत आले आणि ओढ्याच्या तोंडाशी काय बाहेर पडले, याचा जमाखर्च मांडता येतो. निरोगी जंगलातून फारच थोडे बाहेर पडते, असे दिसले. मग १९६५च्या हिवाळ्यात त्यांनी सुमारे साडेपंधरा हेक्टरच्या एका पाणलोटातली सगळी झाडे पाडली. लाकूड बाहेर नेले नाही, तिथेच पडू दिले, आणि पुढची तीन वर्षे तणनाशक फवारून नवे काही उगवू दिले नाही.

पहिल्याच वर्षी ओढ्यातल्या नायट्रेटचे प्रमाण शेजारच्या अस्पर्श पाणलोटाच्या एकेचाळीस पट झाले, दुसऱ्या वर्षी छप्पन्न पट. पाणी पिण्याच्या मर्यादेबाहेर गेले, ओढ्यात शेवाळ माजले. नत्राबरोबर कॅल्शियम आणि पोटॅशियमही निघून गेले. कारण सोपे होते. मातीतले जिवाणू पालापाचोळा कुजवून नत्र मोकळे करतच होते, ते उचलून घेणारी मुळे मात्र उरली नव्हती. जंगलाची श्रीमंती मातीत साठलेली असते असा आपला समज आहे. हबर्ड ब्रूकने दाखवले की ती देवाणघेवाणीत असते, आणि घेणारा हात गेला की वर्षभरात ओसरायला लागते. आपल्याकडे डोंगरउतारावर यंत्राने सपाटीकरण करून जागा ‘स्वच्छ’ केली जाते, तिथे पहिल्या दोन पावसाळ्यांत काय वाहून जात असेल, याचा अंदाज या आकड्यांवरून बांधता येतो.

उष्ण प्रदेशातल्या जंगलांत ही पकड आणखी घट्ट असते. व्हेनेझुएलात रिओ नेग्रो नदीच्या वरच्या भागात नेली स्टार्क आणि कार्ल जॉर्डन यांनी सत्तरच्या दशकात एक प्रयोग केला. तिथल्या निकस मातीवर बारीक मुळांचा आणि बुरशीचा जाड थर पसरलेला असतो. त्या थरावर त्यांनी किरणोत्सारी कॅल्शियम आणि स्फुरद शिंपडले आणि खाली काय झिरपते ते पाहिले. झिरपले ते एक दशांश टक्का. बाकी सगळे त्या जाळीने धरले. पान गळून पडते, त्यावर बुरशी चढते, मुळे थेट त्या कुजणाऱ्या पानातून अन्न घेतात आणि ते मातीत उतरायच्या आधीच पुन्हा खोडात जाते.

मुळे आणि बुरशी यांच्या भागीदारीला पाहिजे तितके महत्त्व मिळायला फार वेळ लागला. आल्बर्ट फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५मध्ये ती ओळखली. त्याच्याकडे खरे तर काम होते ट्रफल नावाची महागडी अळंबी लावता येईल का ते पाहण्याचे. आज आपल्याला माहीत आहे की जमिनीवरच्या बहुतेक वनस्पती कुठल्या ना कुठल्या बुरशीशी मुळांनी जोडलेल्या आहेत. बुरशीचे धागे मुळांपेक्षा कितीतरी बारीक असतात, ते जिथे मूळ शिरत नाही तिथून स्फुरद खेचून आणतात, आणि झाड त्या बदल्यात साखर देते. टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये दाखवले की हा व्यवहार आंधळा नाही. जी बुरशी जास्त स्फुरद देते तिला झाड जास्त साखर देते, आणि बुरशीही उदार मुळाला झुकते माप देते.

याच कीर्स यांचा २००३चा सोयाबीनवरचा प्रयोग तर मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याने मुद्दाम ऐकावा असा आहे. सोयाबीनसारख्या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी येतात, त्यांतले जिवाणू हवेतले नत्र बांधून पिकाला देतात, हे १८८०च्या दशकात हेलरीगल आणि विल्फार्ट यांनी सिद्ध केले होते. कीर्स यांनी काही गाठींभोवतीच्या हवेतून नत्रच काढून टाकले, म्हणजे त्या जिवाणूंना इच्छा असूनही काम करता येईना. झाडाने त्या गाठींचा प्राणवायू तोडला आणि तिथल्या जिवाणूंची वाढ खुंटली. फुकट खाणाऱ्याला झाड पोसत नाही. तूर, हरभरा, मूग यांचा बेवड चांगला, हे आपल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्या बेवडामागे मुळांच्या अंधारात इतकी कडक देखरेख चालते, हे अलीकडे कळले.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. सुझान सिमार्ड यांनी १९९७मध्ये कॅनडात बर्च आणि डग्लस फर या दोन झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते, असे दाखवले. त्यावरून पुढे झाडे भूमिगत जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई-झाड आपल्या रोपांना ओळखून भरवते, अशा कथा जगभर पसरल्या. मराठीतही त्या आवडीने सांगितल्या जातात. २०२३मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा या बुरशीच्याच अभ्यासकांनी सगळे पुरावे पुन्हा तपासले. जंगलात अशी जाळी सर्वत्र आहेत, त्यांतून मोठ्या झाडाकडून रोपांना ठरवून अन्न जाते, या दाव्यांना प्रत्यक्ष रानातला पुरावा फार तोकडा आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. मला त्यांचे म्हणणे पटते. झाड आणि बुरशी यांचा व्यवहार पक्का सिद्ध आहे. झाडांमधले वात्सल्य नाही. निसर्गाविषयी प्रेम वाटावे म्हणून त्याच्या तोंडी आपली भाषा घालायची गरज नाही.

आपल्याच परिसरातला एक व्यवहार या साऱ्यापेक्षा कमी नवलाचा नाही, आणि तो आपण खातो. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोकण-गोव्यात वारुळांवर अळंबी उगवते. ती वाळवीची शेती असते. लाकडातला कठीण भाग या वाळवीला एकटीला पचत नाही. ती चघळलेल्या लाकडाचे आणि पाचोळ्याचे वाफे वारुळात रचते, त्यावर ही बुरशी वाढवते, आणि बुरशीने मऊ केलेले अन्न खाते. कोरड्या महिन्यांत, जेव्हा बाहेर कुजणे जवळपास थांबलेले असते, तेव्हाही वारुळाच्या आत ते चालू राहते. वारूळ म्हणजे त्या रानाचे बंद न पडणारे खतघर आहे. वारूळ फोडून अळंबीच्या मुळापर्यंत खणून काढणाऱ्यांनी दुसऱ्या वर्षी तिथे अळंबीची वाट पाहू नये.

धरून ठेवणाऱ्यांची बाजू अशी भक्कम आहे. तरी गळती शून्य होत नाही. नत्राचे एक बरे असते, ते हवेतून परत मिळवता येते. स्फुरदाला हवेची वाट नाही. ते खडकातून निघते, समुद्राच्या तळाशी जाते आणि तो तळ पुन्हा डोंगर होईपर्यंत कोट्यवधी वर्षे तिथेच राहते. वाऱ्याने थोडे येते: चाडमधल्या बोडेले या कोरड्या पडलेल्या सरोवरातून आणि सहाराच्या इतर भागांतून उडालेली धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलावर पडते, आणि तिच्यातून वर्षाला सुमारे २२ हजार टन स्फुरद तिथे पोहोचते, असा नासाच्या उपग्रहांवरून २०१५मध्ये काढलेला अंदाज आहे. पण उतारावरून खाली गेलेले त्याच डोंगरावर परत चढवायचे तर पाय, पंख किंवा पर हवेत.

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा सॅमन मासा हे त्याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण. तो गोड्या पाण्याच्या ओढ्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो, आयुष्यातले जवळजवळ सगळे वजन तिथे कमावतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच ओढ्यात, प्रवाहाविरुद्ध चढून येतो. अंडी घालून मरतो. अस्वले त्याला पकडून काठावरच्या रानात नेतात, आवडीचा भाग खातात, उरलेले टाकतात. समुद्रातल्या नत्रात त्याच्या जड प्रकाराचे प्रमाण थोडे जास्त असते, त्यामुळे झाडाच्या पानात सापडलेले नत्र कुठून आले ते ओळखता येते. जेम्स हेलफील्ड आणि रॉबर्ट नायमन यांनी २००१मध्ये अलास्कातल्या अशा ओढ्यांकाठच्या झाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या पानांतल्या नत्रापैकी २२ ते २४ टक्के सॅमनकडून आलेले होते.

या आकड्यांवर नंतर शंका घेतल्या गेल्या. ओढ्याकाठच्या मातीत जड नत्र तसेही जास्त असू शकते, ही रास्त शंका होती. तिचे उत्तर आले ते चिकाटीतून. अलास्कातल्या हॅन्सन क्रीक या ओढ्यात टॉम क्विन आणि त्यांचे विद्यार्थी दरवर्षी मेलेले सॅमन मोजत. एकदा मोजलेला मासा पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून ते तो बाहेर फेकून देत, आणि सलग वीस वर्षे त्यांनी सगळे मासे एकाच काठावर फेकले. अडीच लाख किलोहून अधिक मासे त्या काठावर पडले. मग दोन्ही काठांवरच्या स्प्रूस झाडांच्या खोडातली वर्षवलये तपासली, तेव्हा मासे पडलेल्या काठावर वाढीचा वेग वाढलेला दिसला. फरक अवाढव्य नव्हता. पण वीस वर्षांच्या नेमाने मिळालेला असल्यामुळे तो मला पहिल्या आकड्यांहून अधिक मोलाचा वाटतो.

हेच काम पक्षी हवेतून करतात. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांपैकी काहींवर जहाजांबरोबर उंदीर पोहोचले, काहींवर नाही. निक ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये अशा सहा-सहा बेटांची तुलना केली. उंदीर अंडी आणि पिल्ले खातात. जिथे उंदीर नव्हते तिथे समुद्रपक्ष्यांची दाटी ७६० पट होती आणि त्यांच्या विष्ठेतून बेटावर पडणारे नत्र २५१ पट. ते नत्र पावसाने पुन्हा समुद्रात उतरते, आणि बेटाभोवतीच्या प्रवाळात माशांचे एकूण वजन ४८ टक्के जास्त भरले. उंदराचा आणि प्रवाळातल्या माशाचा जन्मात कधी संबंध येत नाही. तरी एकाच्या येण्याने दुसऱ्याचे पोट आटते. अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांवर फरच्या व्यापाऱ्यांनी कोल्हे सोडले, त्यांनी पक्षी संपवले, आणि खत थांबल्यावर हिरवी गवताळ बेटे खुरट्या झुडपांची झाली. तिथे कोणी झाडावर कुऱ्हाड चालवली नव्हती.

समुद्राच्या पोटातही खालून वर वाहतूक चालते. देवमासे खोल पाण्यात खातात आणि पृष्ठभागाजवळ विष्ठा टाकतात. दक्षिण महासागरात लोहाची तीव्र टंचाई असते आणि तिथल्या पाण्याच्या मानाने देवमाशाच्या विष्ठेत लोह किमान एक कोटी पट असते. त्या लोहावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर क्रिल हा कोळंबीसारखा जीव जगतो आणि क्रिलवर देवमासा. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांच्या आसपास देवमासे मारले गेले. खाणारा संपला, आता क्रिल अमाप वाढेल, अशी अपेक्षा होती. तसे घडले नाही, उलट दक्षिण अटलांटिकमध्ये क्रिल घटले. समुद्रावरचे बर्फ कमी होणे हेही त्याचे एक कारण आहे. पण खाणारा आपल्या अन्नाचे शेत स्वतःच खतवत होता, ही शक्यता आता कोणी हसण्यावारी नेत नाही.

आफ्रिकेतल्या मारा नदीचे आकडे मी इथे थोडक्यात देतो, कारण ते स्वतःच बोलके आहेत. स्थलांतर करणारे विल्डबीस्ट नदी ओलांडताना वर्षाला सरासरी ६,२५० बुडतात, म्हणजे अकराशे टन मांस नदीत पडते. मऊ भाग काही आठवड्यांत संपतो, हाडे सात वर्षे स्फुरद सोडत राहतात. त्याच नदीत चारेक हजार पाणघोडे रात्री गवताळ रानात चरून दिवसा पाण्यात रोज ३६ हजार किलो विष्ठा टाकतात. कधी कधी डोहात ती इतकी साचते की प्राणवायू संपून मासे मरतात. निसर्गातही अति होते. या विल्डबीस्टांची संख्या एकेकाळी अडीच-तीन लाखांवर आली होती, ती बुळकांडीमुळे. आशियातून गेलेल्या गुरांबरोबर हा रोग १८८०च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेत शिरला. गुरांना लस टोचून तो सेरेंगेटी या विल्डबीस्टांच्या रानातून साठच्या दशकात गेला, विल्डबीस्ट बारा-तेरा लाखांवर पोहोचले, त्यांनी वाळके गवत खाल्ले, वणवे कमी झाले आणि झाडे परत आली. गवतातला कार्बन आगीने हवेत जायचा, तो शेणावाटे मातीत जाऊ लागला. लस गुरांना टोचली आणि रान बदलले.

शिकारी प्राण्यांविषयी मात्र पुरावा संमिश्र आहे. लेक सुपीरियरमधल्या आइल रॉयल बेटावर लांडग्यांनी मारलेल्या मूस हरणांच्या जागी मातीत नत्र, स्फुरद, पालाश आजूबाजूच्या दुप्पट ते सातपट आढळले. म्हणजे लांडगा कुठे मारतो यावर रानाची सुपीकता कुठे उमटेल ते ठरते. याहून सूक्ष्म प्रयोग ड्रोर हाव्लेना आणि ऑस्वाल्ड श्मिट्झ यांचा, २०१२चा. त्यांनी कोळ्यांची तोंडे चिकटवून टाकली, म्हणजे नाकतोडे खाणे शक्यच नव्हते, आणि असे कोळी नाकतोड्यांच्या पिंजऱ्यात सोडले. नुसत्या भीतीने नाकतोड्यांच्या शरीरातले कार्बनचे प्रमाण नत्राच्या तुलनेत वाढले. ते मेल्यावर मातीत मिसळले, आणि त्या मातीत पुढे पडलेला पालापाचोळा हळू कुजला. भीतीचा परिणाम मातीपर्यंत पोहोचतो, हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो.

दुसरीकडे अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची गाजलेली कथा आहे. १९९५-९६मध्ये लांडगे परत आणले, त्यांनी एल्क हरणांना आवरले, विलोची झाडी परतली, ओढ्यांत बांध घालणारे बीव्हर आले, नद्यांनी वळण बदलले, असे ती सांगते. टॉम हॉब्स आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षे कुंपणे घालून आणि बांध बांधून तिथे प्रयोग केले. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार विलोची वाढ बहुतेक ठिकाणी तुटपुंजीच राहिली. लांडगे नसलेल्या सत्तर वर्षांत बीव्हरचे बांध गेले होते, पाण्याची पातळी खाली गेली होती, आणि नुसते लांडगे आणल्याने ती वर आली नाही. माझ्या मते हा निष्कर्ष त्या गोड कथेपेक्षा महत्त्वाचा आहे. एक दुवा काढला की इतर दुवेही सुटतात, आणि पहिला परत जोडल्याने बाकीचे आपोआप जुळत नाहीत.

जगभरची बेरीज करण्याचा एक धाडसी प्रयत्न ख्रिस्तोफर डाउटी, जो रोमन, यदविंदर मल्ही आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये केला. मोठे प्राणी नष्ट होण्यापूर्वी आणि आज, अन्नद्रव्य पसरवण्याची प्राण्यांची क्षमता किती, असा त्यांचा प्रश्न होता. जमिनीवर ती पूर्वीच्या आठ टक्क्यांवर आली आहे. समुद्री सस्तन प्राणी खोल पाण्यातून वर आणत असलेले स्फुरद पूर्वीच्या पाव हिश्श्याहूनही कमी उरले आहे, आणि समुद्रपक्षी व सॅमनसारखे मासे समुद्रातून जमिनीवर नेत असलेले तर चार टक्क्यांहून कमी. हे अंदाज आहेत, पुढे दुरुस्त होतील. पण खाली जाणारा प्रवाह आपण वाढवला आणि वर येणारा जवळजवळ बंद केला, ही दिशा बदलेल असे मला वाटत नाही.

वर येणाऱ्याची जागा आपण गोण्यांनी भरली. फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवण्याची रीत शोधली, कार्ल बॉशने ती कारखान्यात उतरवली आणि १९१३मध्ये जर्मनीत ओप्पाऊ इथे उत्पादन सुरू झाले. आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचे अन्न त्या नत्रावर उगवते, त्यामुळे रासायनिक खताला सरसकट शिव्या देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. दोष आहे तो एकेरी वाटेचा. शेतात टाकलेल्या नत्रापैकी निम्म्याच्या आसपासच पिकात जाते. स्फुरदासाठी आपण मोरोक्कोसारख्या देशांतल्या खडकावर अवलंबून आहोत. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के त्या एका देशाच्या ताब्यात आहेत. तिथून जहाजाने आणलेले स्फुरद शेतात, शेतातून दाण्यात, दाण्यातून शहरात आणि शहरातून गटारात जाते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्याने ते मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा असे करत उजनीच्या जलाशयात साचते. उजनीचे पाणी हिरवे पडते, आणि त्याच पाण्यावर सोलापूर तहान भागवते. हबर्ड ब्रूकच्या ओढ्यात माजलेले शेवाळ आणि उजनीतले शेवाळ यांचे कारण एकच: द्रव्य आहे, पण ते घेऊन परत नेणारा कोणी नाही.

महाराष्ट्राकडे परत नेणाऱ्यांची स्वतःची व्यवस्था होती, आणि तिचे अवशेष अजून हलतात. दिवाळीनंतर धनगरांचे कळप देशावरून कोकणाकडे उतरतात. मेंढ्या दिवसा माळावर, पडीक रानात चरतात आणि रात्री शेतकऱ्याच्या वावरात बसवल्या जातात. शेतकरी त्याचे धान्य किंवा पैसे मोजतो, कारण रात्रभरात पडलेले लेंडीखत आणि मूत त्याच्या जमिनीत थेट मुरते. रानोमाळ विखुरलेले नत्र गोळा करून शेतात आणून ठेवण्याची याहून स्वस्त वाहतूक कोणी शोधलेली नाही. माळ कुंपणांनी, सौर प्रकल्पांनी, वसाहतींनी बंद होत आहेत. कळप तुटले की ही वाहतूक तुटते, आणि कुठल्याच खत धोरणात तिची नोंद नसते. कोकणातल्या राबाबद्दल माझे मत वेगळे आहे. भाताच्या रोपासाठी ऐन, किंजळ यांच्या फांद्या तोडून, शेण पसरून भाजणी करण्याच्या पद्धतीत रोपाला राख मिळते आणि तण मरते हे खरे, पण रानातले स्फुरद शेतात येताना नत्र धुरात जाते आणि झाड दरवर्षी बोडके होते. परंपरा म्हणून तिचा अभिमान बाळगावा अशी ती रीत नाही.

आणि गिधाडे. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडे मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण २००४मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी शोधले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. गिधाडांचा थवा बैलाचे मढे तासाभरात साफ करतो, गिधाडांच्या पोटातले तीव्र आम्ल रोगजंतू मारते, आणि ते अन्न विष्ठेवाटे कित्येक किलोमीटरांवर पसरते. गिधाडे गेल्यावर तेच मढे एका जागी सडले, पाण्यात गेले, कुत्र्यांनी खाल्ले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी २०२४मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २००० ते २००५ या पाच वर्षांत यामुळे भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली. चक्रातला एक सफाई करणारा गेला, त्याची एवढी किंमत. रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावात गावकऱ्यांनी गिधाडांची घरटी सांभाळली, गडचिरोलीत वनखात्याने त्यांच्यासाठी मढी टाकण्याच्या जागा राखल्या. हे प्रयत्न मोठे आहेत, पण त्यांच्यापलीकडचे आकाश रिकामे आहे.

आता करायचे काय, हे गूढ राहिलेले नाही. उसाचे पाचट हेक्टरी आठ ते दहा टन निघते. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र, ०.२ टक्के स्फुरद आणि एक टक्का पालाश असते. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने ते सरीत कुजवण्याची पद्धत कधीच दिली आहे, तरी तोडणीनंतर काडी लावली जाते आणि त्यातले नत्र धुरात जाते. महापालिकांनी सांडपाणी शुद्ध करताना त्यातले नत्र आणि स्फुरद काढून शेताकडे परत पाठवायला हवे. नदीत सोडलेले प्रत्येक किलो स्फुरद आपण परदेशातून विकत आणलेले आहे. धनगरांच्या वाटा आणि माळ खतव्यवस्थेचा भाग म्हणून नोंदले जावेत. आणि ज्यांच्या गोठ्यात गुरे आहेत त्यांना एक कळकळीची विनंती. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६पासून बंदी आहे, केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर २०२३पासून. माणसांसाठीची कुपी आणून गुरांना टोचू नका, आणि डॉक्टरांनाही टोचू देऊ नका. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही, जनावराचे दुखणे ते थांबवते, आणि ते आपल्याच देशात बनते.